मागच्या वेळी काय म्हणाला होतात?

१ जून २०२४ची संध्याकाळ. लोकसभेचं शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि वाहिन्यांवर एक्झिट पोलचा पाऊस सुरू झाला. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, काहींनी थेट चारशेला भिडवलं. त्या चर्चांत शंकेचा सूर शोधून सापडत नव्हता. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला. मंगळवारी मतमोजणी झाली. भाजप २४०, एनडीए २९३. सेन्सेक्स जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या खिशातलं काही गेलं नाही. गेलं ते त्यांच्यावर विसंबून सोमवारी चढ्या भावाने शेअर घेणाऱ्यांचं.

महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या, महायुती १७ वर थांबली. लगेच नवी खात्री बाजारात आली: आता विधानसभाही आघाडीचीच. नोव्हेंबरात २८८ पैकी सुमारे २३० जागा महायुतीला मिळाल्या आणि आघाडीला पन्नाशीही गाठता आली नाही. सहा महिन्यांत दोन खात्र्या, दोन विरुद्ध दिशांच्या, आणि दोन्ही तोंडावर आपटल्या. तरी निकालाच्या दुपारी 'हे असंच होणार होतं' याची कारणं सांगायला ओळखीचेच चेहरे हजर होते. आवाजही तितकाच चढा.

अंदाज चुकला याबद्दल माझी तक्रार नाही. कोट्यवधी माणसांच्या मनातलं ओळखणं अवघडच आहे. पाहणी करणारे बरेचदा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा देतात, आणि स्टुडिओ त्यातला वरचा आकडा उचलून त्याचा ढोल करतो. माझी तक्रार आहे ती चुकांचा हिशेब तिथे कुणीच ठेवत नाही याची.

हिशेब ठेवणारी माणसं आपल्याकडे आहेत. आपण त्यांचीच टिंगल करतो. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची वेधशाळा आहे, जिला जुने पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथे मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम होतं. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा, हा विनोद किती पिढ्या चालला आहे! २००२ साली वेधशाळेने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता. पडला ८१ टक्के, आणि जुलैत तर निम्म्याच्या आसपास. पेरण्या वाया गेल्या. चूक मोठी होती, लपवण्यासारखी नव्हती. १९८८पासून वापरात असलेलं सोळा घटकांचं मॉडेल वेधशाळेने बाजूला ठेवलं आणि पुढच्याच वर्षी नवी मॉडेलं आणली. २००४ला तीही चुकली: सांगितला शंभर टक्के, पडला त्याहून तेरा-चौदा टक्क्यांनी कमी. २००७ला पद्धत पुन्हा बदलली. २००९चा दुष्काळ तिलाही हेरता आला नाही.

आज एप्रिलमधला अंदाज कसा येतो ते पाहा. २०२४चा होता १०६ टक्के, चूक अधिक-उणे ५ टक्के. सोबत पाऊस तुटीचा, सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, जास्त आणि अतिजास्त पडण्याची शक्यता किती, हे पाच आकडे वेगवेगळे. त्या वर्षी पडला १०८ टक्के. आदल्या वर्षी सांगितला होता ९६, पडला ९४. हे 'अधिक-उणे ५' शिष्टाचारापोटी जोडलेलं नसतं. मागच्या वर्षांत सांगितलं काय आणि पडलं किती, यातला फरक मोजून तो आकडा काढलेला असतो. नम्रता म्हणतात ती मला या आकड्यात दिसते.

आता आठवा, २००४ सालीच मे महिन्यात 'इंडिया शायनिंग' या प्रचाराच्या झगमगाटात एनडीए सत्तेवर परतणार असं सांगितलं गेलं होतं. निकालात भाजप १३८, काँग्रेस १४५. त्याच वर्षी वेधशाळाही चुकली होती. वेधशाळेने पद्धत बदलली. स्टुडिओंनी वीस वर्षांनी तोच प्रयोग आणखी मोठ्या आवाजात केला.

फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं २८४ जाणकारांचे राजकीय आणि आर्थिक अंदाज नोंदवून ठेवले आणि नंतर प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहिले. २००५च्या पुस्तकात त्याने निष्कर्ष मांडला. एकाच मोठ्या सिद्धान्ताच्या चष्म्यातून सगळं पाहणारे, ठासून बोलणारे अधिक चुकले. पाच ठिकाणची माहिती जुळवणारे, स्वतःचं मत बदलणारे बरे ठरले. आणि माध्यमांत ज्यांना सर्वाधिक मागणी, त्यांचे अंदाज कमी प्रसिद्धांपेक्षा वाईट निघाले. यात मला नवल वाटत नाही. वाहिनीला ठाम वाक्य हवं असतं, 'साठ टक्के शक्यता' नको असते. जो ठाम बोलतो त्याला पुन्हा बोलावणं येतं. पुन्हा बोलावणं आलं की आपण बरोबरच आहोत असं त्याला वाटू लागतं. ज्याला सगळं कळलं आहे, तो विरुद्ध जाणारा पुरावा शोधायला कशाला जाईल? चूक तिथेच सुरू होते.

याचा अर्थ गुळमुळीत बोलावं असा मुळीच नाही. 'होऊ शकतं, नाहीही होऊ शकत' म्हणणारा पळवाट शोधत असतो, त्याला नम्र म्हणू नये. नम्र माणूस ठाम बोलणाऱ्यापेक्षा जास्त जोखीम घेतो. तो आकडा सांगतो, तो किती चुकेल हेही सांगतो, आणि निकालानंतर दोन्ही घेऊन पुन्हा समोर येतो. कसरत आहे ती, आणि तिला टाळ्या मिळत नाहीत.

टाळ्या कुणाला द्यायच्या हे मात्र आपल्या हातात आहे. निवडणूक असो, शेअरची टिप असो, नाहीतर पेरणीच्या तोंडावर मोबाइलवर फिरणारा पावसाचा अंदाज असो, सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. मागच्या वेळी काय म्हणाला होतात? आणि या वेळी किती चुकू शकता? दुसऱ्या प्रश्नाला जो 'शून्य' म्हणेल, त्याच्या भरवशावर पैसा लावू नका आणि बियाणंही जमिनीत टाकू नका.