फास्ट

सहावीत इंग्रजीच्या पेपरात 'फास्ट' या विशेषणाचा अर्थ विचारला होता. मी लिहिलं, 'पक्का'. बाईंनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं, 'जलद'.

चूक माझी नव्हती, बाबांची होती. बाबा गिरणीत, रंगखात्यात. आमच्या खोलीत 'फास्ट' हा शब्द यायचा तो रंगाचं बोट धरूनच. दहा वेळा धुऊनही चादर तशीच राहिली तर रंग फास्ट. शेजारच्यांचा पांढरा सदरा गुलाबी करून आली तर कच्चा. पेपर बघून बाबा म्हणाले, "पळतो तो कच्चा! सांग तुझ्या बाईंना." मी अर्थातच सांगितलं नाही.

पुढे डिक्शनरी चाळली तर दोघंही बरोबर. साहेबानं एकाच शब्दाला पळवलंय, खिळवलंय आणि वर उपासही घडवलाय! त्यातही जुना अर्थ घट्ट, पक्का हाच; वेग मागाहून आला. म्हणजे बाबांना निदान अर्धा मार्क हवा होता.

शिवडीत राहून मला तरी बाबांचंच पटतं. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती आमच्याच हार्बरवरून, व्हीटी ते कुर्ला. एवढा मान मिळाला, पण इंडिकेटरवरचा 'एस' काही हलत नाही. दादरकर "फास्ट गेली रे!" म्हणून हळहळतात, आमच्या नशिबी तेवढंही दुःख नाही. धिमी लोकल. रंग एकदम फास्ट.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि शिवडीला वेग आला म्हणतात. २१.८ किलोमीटर, मोटारींना ताशी शंभरची मुभा. दुचाकीला बंदी, त्यामुळे माझी स्कूटर आणि मी जेट्टीवरूनच बघतो. हिवाळ्यात खालच्या चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे असतात. वरचे बाईंच्या अर्थानं फास्ट, खालचे बाबांच्या.

परवा सीएसएमटीला पनवेल गाडीत खिडकी मिळाली. मशीद येईपर्यंत डोळा लागला, अगदी इंग्रजीतला 'फास्ट' लागतो तसा. उघडला तर समोर वाशीची खाडी. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, कुर्ला, कुठेही न थांबता! जन्मभरात हार्बरवर मला फास्ट लोकल मिळाली ती ही एवढीच.