भिंतीला टेकवलेली गिटार

गिटार वाजवताना फारशी मोडत नाही. ती ठेवलेली असताना मोडते. पारगावात थोरल्या भावाच्या घरी गिटार आल्यापासून तिच्या अंगावर जेवढ्या जखमा झाल्या, त्यातली एकही पुतण्याच्या वाजवण्यानं झालेली नाही. वाजवण्यानं झालेल्या जखमा शेजाऱ्यांच्या अंगावर शोधाव्या लागतील.

तिचं येणंच आडवळणाचं. पारगाव म्हणजे एकच पारगाव नव्हे. जुन्नर तालुक्यात आळे तर्फेचं पारगाव आहे. आमच्या आंबेगावात एक खेड तर्फेचं आणि एक अवसरी बुद्रुक तर्फेचं, म्हणजे भीमाशंकर साखर कारखान्याचं. दौंडला एक आहे, खंडाळ्याला एक आहे, हातकणंगल्याकडंही आहे. लग्नपत्रिकेवर 'तर्फे' छापायचं राहिलं तर निम्मं वऱ्हाड भलत्याच मांडवात जेवून येतं. पुतण्यानं गिटार मागवताना पत्ता टाकला 'पारगाव, जि. पुणे', आणि पिनकोड कुणाला तरी विचारून. ते खोकं आधी दौंडच्या पारगावात जाऊन बसलं. तिथून एका भल्या माणसाचा फोन आला, "पावणं, तुमचा फवारणीचा पंप आलाय हितं." मग ते दोन टेम्पो बदलत, खताच्या गोण्यांखाली दबत घरी आलं. 'ही बाजू वर' असं छापलेली बाजू अर्थातच खाली होती. उघडून पाहिलं तर एक ओरखडा नाही.

सगळ्यांचंच नशीब असं नसतं. 2008 साली डेव्ह कॅरल नावाचा कॅनडातला गायक युनायटेड एअरलाइन्सच्या विमानानं चालला होता. शिकागोला सामान चढवणारी माणसं गिटारी फेकताहेत, हे सहप्रवाशांना खिडकीतून दिसलं. त्याची टेलर गिटार फुटली, दुरुस्तीला 1200 डॉलर लागले, आणि कंपनीनं त्याला महिनोन् महिने या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं. शेवटी त्यानं कंपनीवर गाणंच रचलं आणि 2009च्या जुलैमध्ये इंटरनेटवर सोडलं. ते जगभर वाजलं. गिटार धडधाकट आल्यानं आमच्या पुतण्याची ती संधी हुकली.

आमच्या घरात भिंतीला टेकवून ठेवायच्या वस्तूंचा एक कोपरा आहे. तिथं फावडं, टिकाव, पाहुण्यांनी विसरलेली छत्री आणि जळमटं काढायची काठी असते. गिटारही उभट, त्यामुळे वहिनींच्या हिशेबी तिची जागा तीच. स्टँड आणावा असं मी सुचवलं, तर दादा म्हणाला, "फावड्याला कधी लागला का स्टँड?"

एके सकाळी आईनं केर काढताना फावडं उचललं. फावड्याच्या आधारानं टिकाव उभा होता, टिकावाच्या आधारानं गिटार. टिकाव आजवर कितीदा पडला असेल, त्याला काही होत नाही. गिटार पाठीवर पडली आणि खुंट्यांच्या खाली मानेपाशी काडकन मोडली. डोकं तारांना लोंबकळत राहिलं. आई म्हणाली, "आगं बाई, लाकूडच कच्चं दिसतंय."

आईचं निदान अगदीच चुकीचं नव्हतं. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की मिळून 70 ते 75 किलोंचा ताण मानेवर येतो. म्हणजे कांद्याची दीड गोणी दिवसरात्र तिच्या डोक्याला टांगलेली. त्यात बऱ्याच गिटारींचं डोकं मागं झुकवलेलं असतं. गिब्सन कंपनीच्या कित्येक गिटारींत तर 17 अंशांनी. मान आणि डोकं एकाच लाकडातून कापलं की त्या बाकावर लाकडाचे तंतू तिरपे तुटतात. काही गिटारींत मानेतली सळई पिळायला नेमकी तिथंच खोबण कोरतात, म्हणजे जिथं लाकूड हवं तिथलंच काढून घेतात. फेंडरवाल्यांनी डोकं सरळ ठेवलं, त्यामुळे त्यांच्या गिटारी पडल्या तरी पुष्कळदा खरचटण्यावर निभावतं. हे सगळं पुतण्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं, तेव्हा दादानं विचारलं, "मग आपल्याकडं सरळ डोक्याचं का न्हाई आलं?" हा प्रश्न तो गिटारीबद्दल विचारत होता की पुतण्याबद्दल, ते कळलं नाही.

गावात मोडलेली वस्तू ही सार्वजनिक असते. संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसं जमली. एकानं फेविकॉल सांगितलं, एकानं एम-सील. मोटारी भरणाऱ्यानं तांब्याची तार गुंडाळून देतो म्हटलं. सुतार म्हणाला, दोन स्क्रू मारतो, तुझी नातवंडं वाजवतील. खरं तर फेविकॉलवाला बरोबर होता. ताजं मोडलेलं लाकूड, त्याच्या चिरफळ्या न झटकता, सांध्यात सरस मुरवून शिकंज्यात आवळून दिवसभर ठेवलं, तर जोड मूळ लाकडाला ऐकत नाही. स्क्रूनं मात्र नवी चीर पडते, आणि पुढच्या कारागिराला आधी तो उपसत बसावं लागतं. पण ओट्यावरचे निकाल शास्त्रावर लागत नाहीत, वयावर लागतात, आणि सुतार सगळ्यात वडील. स्क्रू मारले. वरून दादानं ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग फासला. "जोड दिसतच न्हाई," सगळे म्हणाले. गिटारही दिसत नव्हती.

मग मे महिना आला. मंचरला लग्न होतं, पुतण्याला मांडवात दोन गाणी म्हणायची होती. गाडीतून उतरताना आहेराच्या साड्या आत नेल्या, पेढ्यांचा पुडा सावलीत ठेवला, आजीची औषधं नेली. गिटार मागच्या काचेखाली राहिली. बंद गाडीत उन्हाळ्याच्या दुपारी पारा 60च्या वर जाऊ शकतो. गिटार म्हणजे शेवटी सरसानं चिकटवलेलं लाकूड, आणि सरस तेवढ्या उन्हात मऊ पडायला लागतो. तारा ओढायचं थांबत नाहीत. दुसरी पंगत उठेस्तोवर तारा अडकवायची घोडी पोटावरून उचकटली होती. पेढे मात्र चांगले राहिले.

बेस गिटारीचं दुखणं निराळं, तिची लांबी. पुतण्याचा एक दोस्त लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. तिच्या तारेची वाजती लांबीच सहसा 34 इंच. पुढं खुंट्या, मागं धड. ती गळ्यात घालून माणूस वळला की तिचं दुसरं टोक कुठवर पोचलं, हे त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. पत्र्याच्या शेडमधल्या तालमीत त्यानं जोशात बेस वर केली आणि ट्यूबलाइट खाली आली. बेसच्या दोन खुंट्या वाकल्या.

पीट टाउनशेंडचं याहून वेगळं काय झालं होतं? 1964 साली लंडनच्या हॅरो भागात 'रेल्वे' नावाच्या गुत्त्यात त्याचा 'द हू' हा बँड वाजवत होता. छत बुटकं. टाउनशेंडनं गिटार उंचावली, तिचं डोकं छतात घुसून मोडलं आणि लोक हसायला लागले. तेव्हा आपण हे मुद्दामच केलं असं दाखवायला त्यानं उरलेली गिटारही तिथंच आपटून फोडली. पुढं लोक तेच बघायला यायला लागले, आणि भर कार्यक्रमात गिटार फोडणं ही रॉक संगीतातली परंपरा झाली. एवढी महागडी सारवासारव संगीताच्या इतिहासात दुसरी नसेल. आमच्या बेसवाल्यानं मुकाट्यानं ट्यूबलाइटचे पैसे भरले.

गिटारीला पाण्यातही जायचं होतं, तेही झालं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो आणि शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीची. दारं धरायला जाताना आवाज करत जा, मोबाइलवर गाणी लावा, असं वनखातं सांगतं. या सूचनेचा अर्थ पुतण्यानं आपल्या सोयीनं लावला आणि गिटार घेऊन रानात गेला. बिबट्या आला नाही. यात गिटारीचा गुण किती आणि बिबट्याच्या कानांचा किती, यावर पारावर दोन तट पडले. पण दारं मोडायला वाकताना त्यानं गिटार बांधाला टेकवली, म्हणजे पुन्हा टेकवलीच, आणि ती घसरून पाटात गेली. स्वस्तातल्या गिटारीचं अंग प्लायवूडचं असतं. वाळताना त्याचे पापुद्रे सुटले. ट्रॅक्टरचा रंग मात्र जागचा हलला नाही.

पारगावहून नारायणगाव काही फार लांब नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. फडात आता ऑर्गन आलाय, ऑक्टोपॅड आलाय. पण तुणतुणं बघा. एक तार, एक खुंटी, एक दांडी आणि खाली चामड्यानं मढवलेलं नळकांडं. मोडायला त्यात आहे काय? आणि ते ठेवायचा प्रश्नच येत नाही, ते खांद्यावर असतं. गिटारवाल्याचं तसं नसतं. 1949 साली बी. बी. किंग हा गिटारवादक अमेरिकेतल्या ट्विस्ट नावाच्या खेड्यात वाजवत असताना दोन गड्यांची एका बाईवरून जुंपली, पेटतं रॉकेल लवंडलं आणि नाचघर पेटलं. किंग बाहेर पळाला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा त्या आगीत शिरला. बाईचं नाव ल्युसिल. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यानं पुढं आपल्या गिटारींना तेच नाव दिलं. कनातीत आग लागली तर तुणतुणेवाल्याला परत आत जावं लागत नाही. तो पळाला की तुणतुणंही पळालं.

या बाबतीत सगळ्यात पक्कं डोकं मात्र वारकऱ्यांनी चालवलंय. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पत्रिकेत कीर्तनकारांच्या बरोबरीनं विणेकऱ्यांचे पहारे छापलेले असतात. वेळ भरली की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आमच्या देवळातल्या वीणेचा भोपळा गिटारीच्या मानेहून कितीतरी नाजूक. मिरजेच्या ज्या सतारी-तंबोऱ्यांना 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचा भोपळाही असाच; नीट ठेवला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो आणि उंबऱ्याला आपटला तर त्याच क्षणी तडकतो. देवळातली वीणा आजोबांच्या वेळची. तिच्या भोपळ्यावर टवका नाही.

यंदा पुतण्याचंही नाव पहाऱ्यात घातलं. रात्री दोन ते चार. तरुण पोरांना तोच मिळतो. थोड्या वेळात त्याचे डोळे मिटायला लागले आणि तो हळूच खांबाला रेलला. शेजारी टाळ धरून बसलेले म्हातारबुवा डोळे न उघडता म्हणाले, "तू टेक बाबा. ती टेकली न्हाई पायजे."

दादाला हे फारच पटलं. काल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं उसाच्या पावतीमागं गिटारीच्या पहाऱ्यांची यादी केली. सकाळी आई, दुपारी मी, संध्याकाळी पुतण्या स्वतः. दादाचं नाव नव्हतं, त्याला कारखान्यावर जावं लागतं. वहिनींनी चष्मा लावून यादी वाचली. पहाटे चार ते सहा आपण आहोत हे पाहिल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग चहा कोण ठेवणार?"

यादी तिथंच बारगळली. गिटार आता धान्याच्या कोठीवर आडवी असते, आणि ज्वारी काढायची झाली की आधी पुतण्याला हाक मारावी लागते.