ससेहोलपट

मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर काय करावे याविषयी शासनाचे कोणतेही परिपत्रक उपलब्ध नसल्यामुळे आमच्या महसूल खात्यातील बहुतेक मंडळी आरंभीचा काळ निवृत्तिवेतनाच्या थकबाकीमागे आणि उर्वरित आयुष्य रक्तदाबामागे धावण्यात व्यतीत करतात. माझ्यापुरता हा प्रश्न मात्र आमच्या सौभाग्यवतींनी, हरकती न मागवता आणि जाहीर प्रकटन न देता, परस्पर निकाली काढला. मुले पुण्याला गेली, हिंगोलीचे घर दोन माणसांना मोठे पडू लागले, आणि “घरात काहीतरी हिंडतं-फिरतं पाहिजे, तुम्ही तर नुसते बसूनच असता,” असा शेरा मारून त्यांनी सशांची एक जोडी घरी आणण्याचा ठराव मंजूर केला.

जोडी आकाशातून पडणार नव्हती. वसमतकडच्या एका होतकरू शेतकऱ्याने हळदीला जोडधंदा म्हणून ससेपालन आरंभले होते. ज्या गृहस्थाने त्यास पिल्ले विकली तो मोठी झालेली जनावरे परत विकत घेण्याचा लेखी करार करून गेला आणि करारासह अंतर्धान पावला. मागे राहिलेल्या सशांना चांगली घरे पाहून देण्याचे काम परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या साडूच्या मुलीने अंगावर घेतले होते. एक नर व एक मादी, दोन्ही पांढरेशुभ्र, तिने मावशीच्या नावे राखून ठेवले. परंतु “मावशी, देईन, पण आधी घर बघायला येईन,” अशी अट घातली. ज्या इसमाची अवघी हयात इतरांच्या विहिरींचे, पडक्या भिंतींचे आणि गारपिटीने झोपलेल्या पिकांचे पंचनामे करण्यात गेली, त्याच्या राहत्या घराचा पंचनामा मिसरूड फुटण्याच्या वयातल्या मुलांबरोबर वर्गात बसणाऱ्या एका मुलीने करावा, यातील काव्यात्म न्याय माझ्या लक्षात आला नाही असे नाही. पण सौभाग्यवतींच्या लक्षात तो माझ्या आधी आला होता, आणि त्या दिवसभर फार प्रसन्न होत्या.

ही वार्ता आळीत पसरताच साहाय्याचा ओघ सुरू झाला. सेनगावकडून येणाऱ्या एका गवळ्याने “कशाला परभणीहून आणता, धुऱ्यावरून धरून देतो की,” असे औदार्य दाखविले, तेव्हा धुऱ्यावरचा ससा हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित असून तो धरणाऱ्यास आणि ठेवून घेणाऱ्यास एकाच पंगतीला बसावे लागते, हे मी त्यास समजावून सांगितले. शिवाय ते कूळच निराळे. आपला रानससा बीळ करीत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्ले अंगावर लव व डोळे उघडे घेऊनच जन्मास येतात. पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळवासी जातीचा वंशज, आणि त्याची पिल्ले उघडीनागडी, आंधळी, सर्वस्वी परावलंबी. गवळ्याने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि दुधात त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक पाणी घातले.

सशाला उंदराच्या भाऊबंदांत धरण्याची चूक आमच्या आळीने केली, ती पूर्वी मोठमोठ्या प्राणिशास्त्रज्ञांनीही केली होती. सशाच्या वरच्या पुढल्या दातांमागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात, उंदराला ते नसतात. अशा पुराव्यांच्या आधारे 1912 साली सशांचे खाते उंदरांच्या गणातून फोडून स्वतंत्र करण्यात आले, म्हणजे आमच्या भाषेत फेरफार मंजूर झाला. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाकाठी चार-चार, पाच-पाच इंच, आणि ते झिजविण्यासाठी या प्राण्याला अहोरात्र काहीतरी कुरतडत राहणे प्राप्त असते. गवत मिळाले तर गवत, न मिळाल्यास विजेची तार. तेव्हा पहिला हुकूम तारांसंबंधी सुटला. कूलरची तार, पंख्याची तार, फोन भारित करण्याची तार, आणि कोणत्या राजवटीत बसविली होती हे कोणासही न सांगता येणारी एक अज्ञात तार, अशा सर्वांना नळीच्या आत घालून भिंतीवर हातभर उंच चढविण्यात आले. घरातील विद्युत्पुरवठ्याची ही पहिली मोजणी. तीत माजघरातील एक बटण कशाचेच नाही हे निष्पन्न झाले.

यापुढे वाटणीचा प्रश्न आला. 1 मे 1999 रोजी परभणीतून फुटून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कोणते दप्तर तिकडे राहावे आणि कोणते इकडे यावे याच्या याद्या करणाऱ्या कारकुनांत मीही होतो; पण आख्ख्या जिल्ह्याचे गठ्ठे बांधताना जी वादावादी झाली नाही ती आमच्या मागच्या खोलीवरून झाली. ही खोली अजून जुन्या माळवदाची आहे. खाली सागवानी किलचन, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि वैशाखात बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेला तरी आत सावलीचा गारवा. याच खोलीत, वेताच्या आरामखुर्चीत, दुपारी एक ते चार या वेळात माझी वहिवाट निर्वेध चालत आलेली. सशांना मात्र उष्मा सोसत नाही. त्यांना घाम असा जवळजवळ येतच नाही, अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची मुख्य सोय काय ती लांब कानांची, आणि तीस अंशांच्या वर पारा गेला की ते कासावीस होऊ लागतात. भाचीने फोनवर हे सांगितले तेव्हाच निकाल कोणत्या बाजूने लागणार हे मी ओळखले. समोरची खोली शहाबादी फरशीची, ती तापते; आणि सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसून केवळ केस असतात, त्यामुळे उघड्या फरशीवर त्यांना जखमा होतात. सबब माळवदाची खोली सशांस, आणि समोरची खोली मला, तीत मी तापलो तरी चालतो. मागच्या खोलीत सौभाग्यवतींनी सतरंजी व तीवर माझ्या आजीच्या हातची वाकळ अंथरली. सारवलेली जमीन उकरू नये म्हणून एका कोपऱ्यात मातीने भरलेले खोके ठेवले, आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाळल्या गवताचे परसाकडचे पात्र, कारण ससा ठराविक जागी जाण्यास शिकतो असे शास्त्र सांगते. आमच्या समोरच्या मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्या नागरिकांस हे शास्त्र अद्याप अवगत नाही.

आहाराच्या बाबतीत समाजाचे अज्ञान केवळ गाजरात साठवलेले आहे. जो येईल तो पिशवीत गाजरे घेऊन येई. गाजरात साखर पुष्कळ, ते सशाला क्वचित, तोंड गोड करण्यापुरते द्यावयाचे; त्याचे खरे अन्न म्हणजे वाळलेले गवत, तेही सदासर्वकाळ पुढ्यात, कारण अर्धा दिवस जरी पोट रिकामे राहिले तरी आतडी थंडावून जीव धोक्यात येतो, आणि एकदा गिळलेले ओकून टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. आलेल्या गाजरांचा हलवा मीच संपविला. कयाधूच्या काठचे मारवेल गवत कापून, वाळवून, भारे बांधून ठेवले. दूर्वाही चालतात हे कळल्यावर सौभाग्यवती किंचित थबकल्या. हिंगोलीत चिंतामणी गणपतीचे, नवसाच्या मोदकांचे माहात्म्य मोठे, आणि ज्या जुड्या देवाच्या नावे खुडायच्या त्याच उंदराच्या तोतया नातेवाइकांस घालावयाच्या म्हणजे प्रसंग नाजूक. शेवटी देवाच्या एकवीस आधी, मग सशांचे, असा अग्रक्रम ठरला.

खरी कसोटी पुढेच होती. ससा रात्री-पहाटे स्वतःची मऊ विष्ठा स्वतःच खातो, तीही थेट उगमस्थानी तोंड लावून, आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. हे मी जेवणानंतर सांगावयाचे ठरविले होते, पण भाचीने फोनवर जेवणाआधीच सांगून टाकले. सौभाग्यवतींचे सोवळे कडक. घरात क्षणभर सन्नाटा पसरला. तेव्हा मी एवढेच म्हणालो की आमच्या कचेरीतही एकदा निकाली निघालेले प्रकरण त्याच टेबलावर फेरचौकशीस घेण्याची पद्धत होती, आणि त्यातूनही काहींचे उत्तम पोषण झाले. त्यांनी ते मनावर घेतले नाही. त्यांनी नामदेवरायांचा आधार घेतला. नरसी आमच्या जिल्ह्यातली. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणत तुपाची वाटी घेऊन धावल्याची आख्यायिका ज्या संताची, त्याच्या जिल्ह्यात सशाच्या शौचाशौचाची चिकित्सा करणे शोभत नाही, असे त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

संततीचा विषय मात्र आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठी आप्पांनी काढला. सशाची मादी महिनाभरात विते, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे ऐकल्यावर त्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या समासात आकडेमोड मांडली आणि “भाऊसाहेब, वारस नोंदी करायला एक सज्जा वेगळा लागल,” असा अभिप्राय दिला. ही थट्टा नव्हे. 1859 साली टॉमस ऑस्टिन नामक जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडातून दोनेक डझन ससे मागवून ऑस्ट्रेलियात सोडले. त्यांच्या प्रजेने चाळीस-पन्नास वर्षांत कुरणेच्या कुरणे फस्त करीत खंड पादाक्रांत केले, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला 1901 ते 1907 या काळात तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपण घालावे लागले. ससे कुंपणाच्या पलीकडे आधीच पोहोचले होते. हद्दीच्या कामाचा अनुभव असलेल्या आम्हा दोघांना याचे आश्चर्य वाटले नाही. आप्पांच्या मते लाल त्रिकोणाखेरीज गत्यंतर नव्हते, आणि भाचीचेही तेच म्हणणे होते. तिने दोघांचीही शस्त्रक्रिया करवून घेतली होती. आमच्या भागात पांढऱ्या वस्तूला हळद लागण्यास वेळ लागत नाही, पण या जोडप्याच्या बाबतीत हळदीचा पुढचा प्रपंच उरला नव्हता.

ठरल्या दिवशी भाची आली. चहा नाकारून ती थेट माळवदाच्या खोलीत गेली आणि सतरंजीवर चक्क पालथी झोपली. हनुवटी जमिनीला टेकवून, सशाच्या उंचीवरून, तिने चौफेर पाहिले. इतकी वर्षे मी स्थळपाहणी केली, पण फिर्यादीच्या उंचीवर उतरण्याची कल्पना मला कधी सुचली नाही, आणि सुचली असती तरी माझी कंबर तीस अनुकूल नव्हती. धान्याच्या कोठीखालून तिने एक डांबराची गोळी, एक गंजलेला खिळा आणि माझी हरवलेली चष्म्याची काडी बाहेर काढली. ससा जवळजवळ सर्व दिशांना एकाच वेळी पाहू शकतो, फक्त नाकासमोरचे तेवढे त्याला दिसत नाही, हे तिने सांगितले तेव्हा मला दोन-तीन माजी वरिष्ठांची आठवण झाली.

“काका, सगळं ठीक आहे,” ती उठत म्हणाली, “फक्त ही वेताची खुर्ची इथं राहिली तर आठवड्यात खलास.”

मी म्हणालो की खुर्ची वडिलोपार्जित आहे. ती म्हणाली, मग समोरच्या खोलीत न्या. समोरच्या खोलीत खुर्ची मावते, पण मग मी मावत नाही. शेवटी खुर्चीच्या पायांना गोणपाट गुंडाळून ती दाराबाहेर ओसरीवर ठेवावी, आणि दुपारी, ससे झोपलेले असताना, मी सतरंजीच्या कडेवर आडवे व्हावे, अशी तडजोड झाली. ऊन फार असल्यामुळे जोडी मृगाचा पाऊस पडल्यावर आणावयाचे ठरले.

इतका वेळ उंबऱ्यात उभे असलेल्या तलाठी आप्पांनी घसा खाकरला.

“ताई, हे ससे जगतात किती?”

“नीट ठेवले तर आठ-दहा वर्षं. काही काही बारासुद्धा.”

आप्पांचा चेहरा गंभीर झाला. ते मला बाजूला घेऊन गेले. “भाऊसाहेब, बारा वर्षं अखंड ताबा राहिला तर मालकी लागती. तुमच्यादेखत खोली जायली.”

कायद्याचा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी भाचीच्या अहवालाच्या तळाशी, सदर खोलीचा ताबा मालकाच्या परवानगीने दिलेला असून त्यायोगे सशांस अथवा त्यांच्या वतीने मावशीस मालकी हक्क प्राप्त होणार नाही, असे एक कलम स्वहस्ते घातले. भाचीने सही केली, आप्पांनी साक्ष घातली. सौभाग्यवतींनी कागद वाचला, ‘मालकाच्या’ या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, पुढे प्रश्नचिन्ह काढले, आणि चहा ठेवायला आत गेल्या.