आपले कार्टून बिघडवल्यास करावयाची कार्यवाही

लहानपणी ज्या कार्टूनवर किंवा चित्रकथेवर आपण जीव लावला, तिच्यावर कुणीतरी नवी वेब सिरीज काढतो, आणि तीही आपल्याला न विचारता. अशा वेळी रागावण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो कसा बजावावा याचे शिक्षण मुंबई-पुण्यात घरबसल्या मिळते. तालुक्याच्या ठिकाणी तशी सोय नाही. परिणामी आमच्याकडे लोक एकतर उशिरा रागावतात, नाहीतर सगळे भाग पाहून मग रागावतात. हा दुसरा प्रकार तर सरळसरळ नियमबाह्य आहे. सबब संग्रामपूर तालुक्यातील समस्त चाहत्यांसाठी पुढील सूचना देण्यात येत आहेत.

पात्रता

सिरीज पाहिलेली असण्याची अट नाही. पाहिली की मत दूषित होते. वरवट बकालच्या चहाच्या टपरीवर होऊ शकणारा हा संवाद आदर्श नमुना समजावा:

"काऊन गा भाऊ, पाह्यली का थे नवी सिरीज?"

"नाई पाह्यली. पाहाचं काय त्यात? लय बेक्कार केली बाप्पा."

"मंग तुले कसं मालूम?"

"टेलर पाह्यलं ना! दोन मिन्टाचं होतं, त्यातलं अर्धं पाह्यलं."

या गृहस्थांनी अर्ध्या ट्रेलरवर थांबण्याचा जो संयम दाखवला तो अनुकरणीय आहे. पूर्ण ट्रेलरमध्ये एखादी गोष्ट आवडून जाण्याचा धोका असतो.

मूळ कृती निश्चित करणे

सर्वांत किचकट बाब हीच. 'मूळचे असे नव्हते' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी मूळ कोणते ते ठरवावे लागते, आणि घरोघर त्यावरून भाऊबंदकी आहे. साठी ओलांडलेले काका सांगतील की मूळ म्हणजे वेताळ. ठीक. पण ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत सुरू केलेला हा फँटम इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून इकडे आणला, तेव्हाच त्याच्या देशाचे नाव बदलून डेंकाली करण्यात आले होते आणि सिंग नावाच्या चाच्यांचे सिंगा झाले होते, इथे कुणाचे मन दुखू नये म्हणून. म्हणजे काकांचे मूळ हेच मुळात फेरफार झालेले. हे काकांना सांगू नये. काका तुमचा मोगली काढतील.

आणि मोगलीचा विषय निघाला की आपली बाजू नाजूक होते. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जंगल बुक लागायचे. ज्यांचे वय आज चाळिशीच्या आसपास आहे, त्यांच्या दृष्टीने मोगली हा संग्रामपूरचाच. त्याला भौगोलिक आधारही आहे. सोनाळ्याच्या पुढे सातपुडा सुरू होतो. आंबाबरवा अभयारण्य तिथेच, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. किपलिंगने १८९४ साली छापलेल्या पुस्तकातले जंगल शिवनीकडचे, नदी वैनगंगा, आणि डोंगर बघायला गेले तर हाच सातपुडा, थोडा पूर्वेला. तेव्हा सात-बाऱ्यावर नाव नसले तरी मोगलीवर आपली वहिवाट सिद्ध होते. वाघही आपल्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणी शेरखान असल्याचा इन्कार आजवर केलेला नाही.

अडचण इतकीच की आपण जे पाहिले ते जपान्यांनी काढलेले होते. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली केलेली ५२ भागांची मालिका. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी, जे मुरूड-जंजिऱ्याचे. इंग्रजाचे पुस्तक, जपान्यांची चित्रे, हिंदी गाणे, कोकणातला वाघ. यात संग्रामपूरचे काय होते? ॲण्टेना. आणि तो फिरवायला गच्चीवर उभा केलेला धाकटा भाऊ, ज्याला आजही त्या मालिकेतले काही आठवत नाही.

त्यातही लाईन जायची. म्हणजे ५२ पैकी जितके भाग आपल्या वाट्याला आले तितकेच आपले मूळ. मधली भोके आपण शाळेत एकमेकांना सांगून बुजवली. काहींनी फार चांगली बुजवली. नव्या सिरीजमध्ये तो प्रसंग नाही म्हणून आज ते भांडतात, आणि जपान्यांच्या मालिकेतही तो नव्हता. तरी अशा आक्षेपांना बंदी नाही. फक्त मोगलीच्या चड्डीचा रंग चुकला अशी हरकत घेण्यापूर्वी आपल्या घरचा टीव्ही तेव्हा रंगीत होता की कृष्णधवल, हे आईला एकदा विचारून घ्यावे.

यावर आमचा निर्णय असा: मूळ कृती म्हणजे जी आपल्यापर्यंत आधी पोचली ती. लेखक, देश, साल या बाबी विचारात घेण्याचे कारण नाही. याच निकषावर २०१८ सालच्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर आलेल्या अँडी सर्किसच्या मोगलीवर रागावता येते. त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज जॅकी श्रॉफचा आहे. जग्गूदादांबद्दल तालुक्यात कुणाचे काही म्हणणे नाही. पण वाघ नानाचा आहे. डिस्नेने २०१६ च्या चित्रपटात हिंदीसाठी पुन्हा नानालाच बोलावले होते, ही गोष्ट युक्तिवादात अवश्य वापरावी. सर्किसच्या मूळ इंग्रजीत बेनेडिक्ट कंबरबॅच होता वगैरे कुणी सांगू लागल्यास त्याला दुसरा चहा सांगावा आणि विषय कपाशीच्या भावावर न्यावा.

आवाजाबाबत विशेष सूचना

मराठी चाहत्यांनी इथे थोडे थांबावे, कारण हा मुद्दा वरकरणी वाटतो त्यापेक्षा खोल आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून वर्तमानपत्रात येत होता. चार रेघा, तीन-चार चौकटी. त्याला आवाज नव्हता. तो आपापल्या घरचा मिळायचा. इकडे ज्यांनी तो वाचला त्यांच्या डोक्यातला चिंटू "मले नाई जा लागत शाळेत" असेच म्हणत असणार, छापलेले काही का असेना. २०१२ साली चित्रपट आला आणि चिंटू स्वच्छ पुणेरी बोलला. त्याला गुडघेही होते. चित्रपट वाईट होता असे मी म्हणत नाही, मुले छान होती. पण रोज सकाळी इतकी वर्षे जो आपल्या आवाजात बोलला, तो एकदम दुसऱ्याच्या घरचा निघाला की माणसाने काय करायचे? इथे राग वैध आहे. खरे सांगायचे तर या संपूर्ण मार्गदर्शिकेतला एवढाच मला मनापासून वैध वाटतो.

फास्टर फेणेचे प्रकरण सोपे आहे. तो पुस्तकातला, त्याच्यावर फार वेळ घालवू नये. १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा होऊन आला. आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतःचे वय तपासावे. तो थांबून राहील अशी अपेक्षा कुणी ठेवली होती?

जिथे संवादच नाहीत अशा कृतींपासून लांब राहावे. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'मायटी लिटल भीम' आणले. त्यात भीम रांगतो, लाडू खातो, आणि बोलत नाही. डबिंगवर बोट ठेवायला जागाच नाही. अनुभवी चाहतेही तिथे हतबल होतात आणि मुकाट्याने दुसरा भाग लावतात.

वेळापत्रक

राग ट्रेलरच्या दिवशीच यावा. यामागे भक्कम दाखला आहे. एप्रिल २०१९ मध्ये सोनिक या निळ्या हेजहॉगच्या चित्रपटाचा ट्रेलर आला. हेजहॉगला माणसाचे दात होते. जगभर इतका गहजब झाला की निर्मात्यांनी त्याचे रूप पुन्हा घडवले आणि नोव्हेंबरचा चित्रपट पुढच्या फेब्रुवारीवर गेला. तेव्हापासून प्रत्येक चाहत्याची खात्री आहे की आपण ओरडलो म्हणजे दात बदलतात. ही खात्री ढळू देऊ नये.

उलट बाजूचाही एक दाखला नोंदवतो. जपानी 'काउबॉय बीबॉप'ची नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये माणसे घेऊन सिरीज केली आणि तीन आठवड्यांच्या आत बंद केली. म्हणजे ज्यांनी पहिला आठवडा वाट पाहण्यात घालवला, दुसरा लग्नसराईत गेला, त्यांना रागावायला जेमतेम एक आठवडा मिळाला. आपल्याकडे मूग-उडीद काढणीच्या दिवसांत सिरीज आल्यास घरातील एका सदस्यास रागासाठी मोकळे ठेवावे.

वहीत नाव लिहिले की माणूस मरतो त्या 'डेथ नोट'चे कथानक २०१७ मध्ये जपानहून सिॲटलला नेले, यावर तरुण मंडळी अजून चिडलेली आहेत. चिडण्याचे कारण मात्र नेमके सांगावे. न्यायचेच होते तर संग्रामपूरला का नाही आणले? मरायला टेकलेली नावे लिहिण्यासाठी वह्या आपल्याकडेही मिळतात.

आवडल्यास काय करावे

दुर्दैवाने असेही घडते. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानी चित्रकथेवरची 'वन पीस' ही सिरीज आली. रागावण्याची सगळी तयारी झालेली असताना ती बरी निघाली. मूळ चित्रकार ओडा स्वतः तिच्यात लक्ष घालून होते. अशा प्रसंगी घाबरू नये. चार दिवस कुणाला काही सांगू नये. पाचव्या दिवशी "ठीक आहे, पण त्यातली मजा नाही" एवढेच म्हणावे. कोणत्यातली, असे कुणी विचारत नाही.

घरातील लहान मुलांना नवी सिरीज आधी मुळीच दाखवू नये. त्यांना जी पहिली दिसेल तीच मूळ ठरेल आणि पुढे वीस वर्षांनी तिच्यावर कुणी हात टाकला की ती घरात थाळ्या आपटतील. तुम्हाला त्यांची समजूत घालावी लागेल, ज्या सिरीजला तुम्ही शिव्या दिल्या तिचीच बाजू घेऊन.

वरील सर्व उपाय थकल्यास पुढील नमुन्यात अर्ज करावा. अर्ज कोऱ्या कागदावर, निळ्या शाईने, एका बाजूस समास सोडून.

प्रति,
मा. मुख्य व्यवस्थापक,
(ज्या ॲपचा पासवर्ड मेव्हण्याकडून मिळाला आहे त्याचे नाव येथे लिहावे)

विषय: बालपणाच्या नुकसानीचा पंचनामा होऊन मिळणेबाबत.

संदर्भ: आपला ट्रेलर.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, मी राहणार संग्रामपूर, जि. बुलढाणा, सदर कार्टूनचा लहानपणापासून अखंड वहिवाटदार आहे. आपण त्यातील नायकाचे केस, आवाज व स्वभाव यांत परस्पर फेरफार केला असून त्याची नोटीस मला मिळालेली नाही. चावडीवरही लागलेली नाही. तरी स्थळपाहणी करून नायक पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या आवाजात बसवून मिळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही अथवा अंगठा)

सहपत्रे: १) शाळा सोडल्याचा दाखला (बालपण झाल्याचा पुरावा म्हणून). २) टीव्हीसमोर धरून मोबाईलवर काढलेला ट्रेलरचा फोटो. ३) दोन साक्षीदारांच्या सह्या, पैकी एकाने तरी सिरीज पाहिलेली नसावी.

प्रत माहितीस्तव सादर: मेव्हणा.