आभाळाचं नको, रस्त्याचं सांगा

नोव्हेंबर 2014. अमेरिकेतलं, ईरी सरोवराच्या टोकावरचं बफेलो. शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि गाडीने थोड्याच अंतरावर, उत्तरेला, जेमतेम काही इंच. मधल्या आय-90 महामार्गावर नायगारा विद्यापीठातल्या मुलींचा बास्केटबॉल संघ बसमध्ये सुमारे 30 तास अडकून पडला.

‘बफेलोत बर्फ पडणार’ हा अंदाज खरा होता. पण महामार्ग सांभाळणाऱ्याला तेवढ्यावर काय करता येणार? त्याला हवं असतं ते अमुक पुलापाशी, या तासाला, किती इंच. दूरच्या रडारवर विसंबावं, तर त्याचा किरण लांब जाईल तसा उंच चढतो आणि सरोवरावरून येणाऱ्या बुटक्या हिमढगांच्या डोक्यावरून निघून जातो. मोजायचं तर खालीच मोजायला हवं.

त्याची युक्ती साधी आहे. रस्त्याकडेच्या खांबावरून एक सेन्सर खाली आवाजाचा ठोका सोडतो, कानाला ऐकू न येणारा. तो जमिनीवर आपटून परत येतो. बर्फ साचत गेला की परतीची वेळ कमी होते, त्यावरून थर किती चढला ते कळतं. थंड हवेत आवाज मंदावतो, म्हणून शेजारी तापमापक लागतोच. दुसरा सेन्सर डांबरातच पुरलेला असतो. रस्ता ओला आहे की गोठलाय, त्यावर टाकलेलं मीठ अजून पुरेसं आहे की वितळलेल्या पाण्याने पातळ झालं, हे तो सांगतो. हा मला जास्त मोलाचा वाटतो. हवा आणि डांबर यांचं तापमान सारखं नसतं. पूल तर खालूनही गार होतो, म्हणून आधी गोठतो. शिवाय उणे 9-10 अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. तिथे मीठ ओतत राहणं म्हणजे निव्वळ पैसे आणि वेळ घालवणं.

पण खांब उभे करून भागत नाही. ताशी इतके इंच झाले की रस्ता बंद, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं. तो आकडा आला की फाटक लावण्याचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला हवा. वरून फोन येईपर्यंत थांबलात, तर तोवर ट्रक आडवा झालेला असतो आणि बर्फ हटवणारी गाडीही त्याच रांगेत मागे उभी असते.

आपल्याकडेही हेच. डिसेंबर 2024 मध्ये हिमाचलात, मनालीच्या वरच्या सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फामुळे हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या. नाताळच्या सुट्टीत बर्फ बघायला तिकडे जाणाऱ्यांत आपली मराठी कुटुंबंही असतात. त्या चढावर मिनिटामिनिटाला किती बर्फ साचतोय, हा आकडा मनालीतून निघण्याआधी प्रत्येक पर्यटकाच्या फोनवर दिसायला हवा. तोवर, गाडी ठरवताना चालकाला ‘बर्फ दिसेल का’ एवढंच विचारू नका. ‘बोगद्यापाशी आत्ता किती साचलाय’ हेही विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर आग्रह धरू नका.