गार इंजिन दाखवा

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला फोनवर एवढंच सांगा, "सकाळी सहाला येतो, मी आल्याशिवाय सेल्फ मारू नका." तो "या की" म्हणाला तर निघा. "सकाळी जमत नाही, संध्याकाळी या," म्हणाला तर पेट्रोल वाया घालवू नका.

हे मी गेल्या दोन महिन्यांत तीन गाड्या बघून सांगतोय. भाच्याला करिझ्माच पाहिजे होती. ही गाडी बाजारात आली २००३ साली, हा जन्मला त्याच्या पुढच्या वर्षी. २२३ सीसीचं इंजिन, १५ लिटरची टाकी, पुढं वारा तोडणारं अर्धं फेअरिंग आणि पाठ न मोडणारी बैठक. सोलापूरच्या पोराला अशी गाडी का हवी असते, हे सोलापूरचा नकाशा बघितला की कळतं. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या पुढं, विजापूर शंभर. चारी दिशांना सरळ, उघडा, तापलेला रस्ता. लांब पल्ला हाच आमचा पल्ला. त्यामुळं हट्ट वेडा नव्हता. वेडी होती ती घाई.

पहिली गाडी होटगी रोडला. लाल रंग, नवे स्टिकर, टाकीत तोंड दिसावं अशी चकाकी. भाचा तिथंच विरघळला. मालक सांगत होता, गाडी आठवडाभर हललेली नाही. बोलता बोलता आमच्या मिस्त्रीनं इंजिनच्या पात्यांवर तळहात टेकवला आणि माझ्याकडं बघितलं. मीही हात लावला. ऊब होती. आठवडाभर न हललेल्या गाडीचं इंजिन संध्याकाळी सात वाजता कोमट!

"तापवून ठेवलंय बे हे," मिस्त्री बाहेर आल्यावर म्हणाला. "गार दाखवायची ताकद नाही त्याच्यात."

इंजिन तापवून का ठेवतात, हे नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथं आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनचं ऑईल खाली उतरतं. व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली असतील तर त्यातलं थोडं ऑईल आतल्या बाजूला झिरपतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मिनिटभरात तो जातो. पुन्हा दिसतो दुसऱ्या दिवशी सकाळीच. टायमिंग चेन सैल झाली असेल तर तिची खडखडही गार इंजिनातच जास्त ऐकू येते. कार्बोरेटरची जेट भरली असतील तर चोक ओढूनही गाडी धरत नाही. हे सगळं अर्धा तास आधी गाडी फिरवून आणली की झाकलं जातं. पॉलिशनं रंग लपतो, उष्णतेनं रोग लपतो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली तर घाबरू नका, ती पाण्याची असते. निळा धूर मात्र पैशाचा असतो.

बाकीचं झटपट सांगतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर बॉलरेसर गेले. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि चेसिसच्या मानेवरचे स्टॉपर बघा. तिथं ठेचलेलं किंवा वाकलेलं दिसलं तर गाडी जोरात आपटलेली आहे, मालक काहीही सांगो. टॉपच्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. आवाज चढला आणि वेग नाही चढला, तर क्लचप्लेटा संपल्या. टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारून आत बघा, तांबूस दिसलं तर गंज आहे. फिरलेले किलोमीटर विचारूच नका, मीटर मागं नेता येतं. टायरला मात्र खोटं बोलता येत नाही. त्याच्या कडेला चार आकडे असतात. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सोलापूरच्या उन्हात दहा-बारा वर्षं भाजलेलं रबर वरून जाड दिसतं, आतून लाकूड झालेलं असतं. नक्षी कितीही खोल असू द्या, त्या टायरवर हैदराबाद रोडला जायचं नाही.

दुसरी गाडी गुलबर्ग्याकडची, केए ३२ पासिंगची. गाडी चांगली होती, मनापासून सांगतो. इंजिन गार दाखवलं, धूर नाही, आवाज नाही. पण आरसीवर फायनान्सची एचपी तशीच चढलेली. कर्ज कधीच फिटलंय म्हणे, पण फायनान्सची एनओसी नाही. कर्नाटकच्या आरटीओची एनओसीही नाही. आणि विकणारा तरी आरसीवरचा मालक कुठं होता? त्यानंच ती तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलेली. त्याच्या हातात होता फक्त सही केलेला कोरा टीटी फॉर्म.

"टीटी फॉर्मवर सही आहे ना, मग झालं." जुन्या गाड्यांच्या बाजारातलं याच्याइतकं घातकी वाक्य दुसरं नाही. कायदा सरळ आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. लोक तो कागद घडी घालून सीटखाली ठेवतात आणि वर्षानुवर्षं फिरतात. मग विकणाऱ्याच्या नावावर ई-चलानं साठत जातात. ती तरी भरून टाकता येतात. अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की नोंदणीवर ज्याचं नाव, तो कायद्याच्या नजरेत मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी तीन हात पुढं गेलेली असली तरीसुद्धा. गाडी विकून मोकळा झालो असं समजणाऱ्या प्रत्येकानं आज घरी जाऊन वाहनच्या पोर्टलवर आपला जुना नंबर टाकून बघावा.

ती गाडी आम्ही सोडली. भाचा दोन दिवस बोलला नाही.

वयाचाही हिशेब आहे. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण करायचं. दुचाकीची ही फी एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० झाली, आणि २० वर्षांच्या पुढच्या गाडीला २०२५ पासून २०००. पर्यावरण कर वेगळा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्यानं नवी नंबरप्लेटही लागते. रकमा मोठ्या नाहीत. पण मुदत संपलेली गाडी आपल्या गळ्यात मारून मागचा दंड आपल्याकडून भरून घ्यायचा, हा धंदा जोरात आहे. आधी आरसीवरची मुदत वाचा, मग रंग बघा.

आणखी एक काळजी आहे, ती आजच्या पेट्रोलची. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून २००३ किंवा २००९ सालच्या गाडीचे पाइप आणि सील कुणी बनवले नव्हते. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिना-महिना उभी राहिली की टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्बोरेटरमध्ये उतरतो. जुनी गाडी शोभेला ठेवणाऱ्यापेक्षा रोज चालवणाऱ्याकडं बरी असते, ती यामुळंही. इंजिनचं सामान अजून मिळतं, फेअरिंगच्या तुकड्यांसाठी मात्र फिरावं लागतं. करिझ्माऐवजी पल्सर २२० बघत असाल तर तिथंही सामानाचा विचार आधी करा. २००७ ची पहिली, इंजेक्शनवाली घेतलीत तर सामान शोधत बसाल. २००९ पासूनची कार्बोरेटरवाली कोपऱ्यावरचा मिस्त्रीही उघडू शकतो. ठरलेल्या पैशातले पाव पैसे बाजूला ठेवा, पहिल्या महिन्यात ते लागतातच. सगळे पैसे किमतीत घातलेत तर ब्रेक उद्यावर जातो, आणि उद्यावर टाकलेल्या ब्रेकवर पोरगं टेंभुर्णीला निघतं.

तिसरी गाडी पूर्व भागात सापडली. मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केलेले. सकाळी सव्वासहाला दार उघडून त्यांनी गाडीवरची जुनी चादर काढली आणि मिस्त्रीला म्हणाले, "आधी हात लावून बघ बे, गार हाय का नाय." चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. धूर नाही.

मग आम्ही काही विचारायच्या आत त्यांनीच सांगायला घेतलं. क्लचप्लेटा शेवटाला आल्यात. पुढच्या डाव्या फोर्कचं सील गळतंय. मागचा टायर जुना आहे, बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. घरातून एक वही आणली. प्रत्येक ऑईल बदलल्याची तारीख, किलोमीटर, खर्च. काही पानांवर काळे अंगठे उमटलेले. मध्ये एका ठिकाणी "तुळजापूर, पोरीसंग" एवढंच लिहिलेलं, खर्च नाही.

भाच्यानं भाव करायला तोंड उघडलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्यानं दोष स्वतः मांडले त्याच्याशी त्याच दोषांवर घासाघीस करायची नसते. सांगितली ती किंमत आम्ही कबूल केली.

"पैसे घ्या अण्णा," भाचा म्हणाला.

"अर्धे दे. बाकीचे नाव बदलल्यावर. गाडी तवर हितंच राहील. तुझ्या हातनं कुठं काय झालं तर माझं नाव नको, अन् तुझंबी नुकसान नको."

आरटीओला ते स्वतः आले, धुतलेला पांढरा शर्ट घालून. नावावर झालेली आरसी भाच्यानं मोबाईलवर दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून नाव अक्षर-अक्षर वाचलं. मग खिशातून दोन चाव्या काढल्या, आणि पिशवीतून ती वही.