जग काही बुडत नाही

जगबुडीचं मला एक फार आवडतं. ती तारीख देऊन येते. आमचा प्लंबर एवढंही करत नाही.

माझ्या लहानपणी तिनं १९६२ च्या फेब्रुवारीतले ३ ते ५ असे तीन दिवस दिले होते. मकर राशीत अष्टग्रही. त्यातला आठवा केतू. तो दुर्बिणीतूनही दिसत नाही, कारण तो नाहीच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू. पण सातांत जगबुडीचा कोरम भरत नसावा. देशभर यज्ञ पेटले. नेहरूंनी सगळं हसण्यावारी नेलं. १९ तारखेपासून लोकसभेचं मतदान होतं, आणि बुडणाऱ्या जगातही मतं मागणं काही थांबलं नव्हतं.

पुण्यातल्या आमच्या वाड्यात सामुदायिक जप ठरला. गुरुजींनी दक्षिणा आगाऊ घेतली. वाण्यानं उधारी बंद केली. तळमजल्यावरच्या काकांनी बाबांकडून हातउसने घेतले होते, ते म्हणाले, "सोमवार उलटू दे, मग बघू." जपाला सगळ्यात पुढे तेच. जग वाचावं म्हणून की बुडावं म्हणून, हे देवालाच ठाऊक.

याच वाड्याच्या भिंतीवर तेव्हा पुरुषभर उंचीवर चिखलाची रेघ होती. १२ जुलै १९६१, पानशेत. त्या दिवशी आठ ग्रह लागले नव्हते, एक मातीचं धरण फुटलं, तेवढं पुरलं. माळ शोधायलाही वेळ नव्हता. आम्ही देवाचाच आसरा घेतला म्हणा, पर्वती चढलो. पण खरं कारण, देव उंचावर होता.

तर रविवारची रात्र. जप टिपेला पोचलेला. आजी मध्येच माळ खाली ठेवून उठली, सटात कोमट दूध ओतलं, बोटानं विरजण फिरवलं.

"आजी, उद्या दही खायला कोण उरणार?" काका.

"उद्या सोमवार. महादेवाला दहीभात लागतो," म्हणाली आणि पुन्हा माळ घेऊन बसली.

सकाळी दही छान लागलं होतं, थोडं आंबट. मंगळवारी बाबांनी काकांना पैशांची आठवण केली.

"देतो हो," काका म्हणाले, "एवढी कसली घाई? जग काही बुडत नाही!"